कडी लावल्यावर मागू नका

सोमवार, ७ जुलै

रुजू झाले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहायचं होतं. बाबांनी मोटारसायकलवर बिरसीपर्यंत आणून सोडलं. धानाच्या रोवणीचे दिवस, बांधीत माणसं लावलेली, तरी आले. कंपनीच्या हॉलच्या दारात चप्पल काढून उभे राहिले, आत मात्र आले नाहीत. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच. आई गावभर सांगते आहे की नूतनला ड्रायव्हरची नोकरी लागली. ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे संगणकाकडून चित्र काढून घेणारा प्रोग्राम, हे मी दोनदा समजावलं, पण तिला पहिलंच आवडलं आहे.

कंपनी लहान आहे. धानाच्या जुन्या गोदामात विमान शिकणाऱ्यांसाठी सरावाची केबिन बनवतात. लोखंडी पेटीच ती. आत एक खुर्ची आणि तीन पडदे. पडद्यांवर धावपट्टी, पलीकडे धानाच्या बांध्या, त्यांच्यामधले मातीचे धुरे, पळसाचं एक झाड. मी कोड नीट लिहिला तर उद्या एखाद्या गावची मुलगी इथे विमान शिकेल, असं सारखं मनात येतं.

मालक वीरेंद्र सर. केबिनमध्ये बसून चाचणी घेते ती भूमिका, गोंदियाची, निम्मं हिंदीत बोलते. ओळख होताच म्हणाली, "मॅडम, कोड बराबर लिहा हां. आत मैं बैठती हूँ."

केबिनमध्ये चपला नेत नाहीत, बाहेर फळीवर ठेवतात. तिथे पुरुषाच्या चपलांचा एक जोड धूळ खात पडलाय. माझ्या आधीच्या ओमेशचा. तो मार्चमध्ये न सांगता सोडून गेला म्हणे. अनवाणी गेला का, असं मी गमतीत विचारलं. सर हसले नाहीत.

बुधवार, ९ जुलै

दुखणं काय आहे ते कळलं. चित्र मधेच गोठतं.

केबिनची आतली कडी लागली की सराव सुरू होतो आणि ड्रायव्हर एक कुलूप घेतो, म्हणजे चित्राला दुसऱ्या कुणी हात लावू नये. कुलूप हातात असतानाच तो कर्नेलकडे, म्हणजे संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याकडे, आणखी मेमरी मागतो. मेमरी शिल्लक नसली की कर्नेल सगळ्यांकडे फिरतो: जुनं टाका, जागा करा. फिरत फिरत आमच्याच ड्रायव्हरकडे येतो. जुनी चित्रं टाकायला तेच कुलूप लागतं, आणि ते तर आधीच घेतलेलं. हा जागेसाठी थांबला, जागा ह्याच्यासाठी थांबली. कुणीच मरत नाही. सगळे नुसते उभे.

आमच्या शेतावर हेच झालं होतं. तलावाच्या कालव्यावर चुन्नीलालकाकांनी गेटची चाबी घेतली आणि मग पाहिलं तर फावडं नाही. फावडं शेजारच्या शालीकरामच्या बांधीत; तो म्हणे आधी गेट उघडा, माझं पाणी झालं की देतो. दोघं हट्टाने धुऱ्यावर बसून राहिले आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाळले. तेव्हापासून बाबा म्हणतात, "चाबी हाती आली का मंग कोणाले काई मागाचं नाई. जे लागते ते पयलेच घेऊन ठेवाचं."

मशीनवर ओमेशच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: कुलूप हातात असताना काही मागू नका. हुशार माणूस असणार.

शुक्रवार, ११ जुलै

मागणी कुलपाच्या आधी सरकवते आहे, पण कोडमध्ये अशी ठिकाणं पन्नासेक निघाली. गोठायच्या क्षणी काय होतं ते दिसावं म्हणून ड्रायव्हरला नोंद ठेवायला लावली. तीन वाक्यं, मराठीत: कुलूप घेतलं. जागा मागितली. जागा मिळाली. भूमिका वाचून हसली, म्हणे मशीन भी अब डायरी लिखेगा. नोंद लिहायलाही थोडी मेमरी लागते, पण चौसष्ट बाइट फक्त. एवढ्याशाने काय होणार.

सोमवार, १४ जुलै

क्रमाने लिहिते.

अकराला भूमिका आत गेली, कडी लावली. वीस मिनिटांनी माइकवरून म्हणाली, "नूतन, पानी की बॉटल देना जरा." मी बाटली घेऊन उठले तोच माझ्या टेबलावरच्या पडद्यावर चित्र गोठलं. हाका मारल्या. सरांनी बिजागऱ्या काढून दार उतरवलं. खुर्ची रिकामी. गादी गरम. कडी आतून लावलेली.

नोंद पाहिली. कुलूप घेतलं. जागा मागितली. तिसरं वाक्य आलंच नाही. त्याखाली एक शब्द, जो मी लिहिलेला नाही: थांबा.

मग चित्राकडे नीट पाहिलं. पळसाजवळच्या धुऱ्यावर, हिरव्या ओढणीत, अनवाणी, भूमिका उभी आहे.

तिच्या चपला इथे फळीवर आहेत.

मंगळवार, १५ जुलै

सर मशीन बंद करून चालू करायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला. ते खाली बसले आणि सांगून टाकलं. मार्चमध्ये ओमेशने आतून पेचकस मागितला होता. तोही असाच धुऱ्यावर दिसला. सरांना वाटलं, चित्रातली चूक आहे. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा चालू झाल्यावर धुरा रिकामा होता.

म्हणजे बटण दाबायचं नाही. लाइट जाऊ द्यायची नाही. सरांनी जनरेटर आणलाय.

ती चिठ्ठी ओमेशने मशीनसाठीच लिहिली होती. माणसांनाही ते लागू आहे हे त्याला ठाऊक नसेल.

बुधवार, १६ जुलै

भूमिकाच्या आईचा फोन. सरांनी सांगितलं, कामासाठी रायपूरला पाठवलंय. मी शेजारी उभी होते. कुलूप हातात असताना जागा मागणारी ती नोंद मीच टाकली होती. चौसष्ट बाइट माझे.

सकाळी चित्रात आकाशाचा एक चौकोन काळा झाला. दुपारपर्यंत असे तीन चौकोन झाले, आता अकरा आहेत. कर्नेल जागेसाठी चित्र तुकड्या तुकड्याने मोकळं करतोय. चौकोन पळसाकडे येताहेत. बाकी सगळं स्थिर, फक्त तिची मान हलली आहे. ती दाराकडे पाहते आहे.

गुरुवार, १७ जुलै

मशीनवरचं बाकी सगळं बंद केलं. जागा नाही. बाहेरून कुलूप सोडवता येत नाही — तीनदा पाहिलं. धावपट्टी गेली. चिखल तिच्या गुडघ्यापर्यंत. ओठ हलतात, तेच ते, सारखे. पाणी म्हणत असेल. मी पडद्यासमोर बाटली धरली — वेड्यासारखी —

शुक्रवार, १८ जुलै, सकाळी नऊ

एकच उपाय उरलाय. केबिनमधला कीबोर्ड अजून जिवंत आहे. सरांनी दार परत बसवलंय. आत जायचं, कडी लावायची. ओमेशच्या कोडमध्ये कुलूप सोडवायची एक वाट सापडली: त्याचे आकडे आतल्याच पडद्यावर येतात, एकेक, क्षणभरच. कागदावर उतरवून उलट्या क्रमाने टाकायचे. एकूण चोवीस. मग कुलूप सुटेल.

आत काही मागायचं नाही. जे लागेल ते आधीच घेतलं. पाणी, टॉर्च, चष्मा, वही, पेन. सरांना बजावलं, मी काहीही म्हटलं तरी ऐकायचं नाही. बाबांना फोन केला. शनिवारी येते म्हटलं. ते म्हणाले, "काऊन रडून राहिली?" सांगितलं नाही.

चप्पल फळीवर ठेवली. तीन जोड झाले.

आत

कडी लावली. नोंद आली — कुलूप घेतलं.

ती समोर आहे, इतकी जवळ. चिखल कमरेपर्यंत. मला पाहते आहे.

४ ९ ० ७ ७ १ ३

काळा चौकोन पळसावर.

८ ८ २ ५ ० ६ १ ४ — झाड गेलं —

९ ३ ३ ७ २ ० ५

बावीस झाले. दोन राहिले. पेन फिकं उमटतंय. झटकलं. दाबून लिहिते. आणायचं तर दुसरं — सगळं आणलं आणि दुसरं पेन —

चौकोन तिच्या खांद्याला लागला. दोनच आकडे. सर दाराशीच आहेत, त्यांचा श्वास ऐकू येतो. मागितलं नाही मी. नुसतं विचारलं, पेन आहे का —

भूमिका मान हलवते आहे. नाही, नाही म्हणते आहे —

माझे पाय ओले का ला