पंपरूमचा रिपोर्ट

बाई, मी सध्या पेठच्या पुढं एका शाळेच्या पडवीत बसलोय. विहिरींची पाहणी करणाऱ्या लोकांबरोबर फिरतो. कुठली विहीर कधी आटते ते इंग्रजीत लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. हेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. मधे नामपूरला कांद्याच्या ट्रकवर होतो, त्याआधी येवल्यात एकाच्या पैठणीच्या मागावर बसून पाहिलं, महिनाभरात तिथून पळालो. तो मागवाला मोठा गमतीशीर माणूस होता, पण ते असो. तुम्ही असतात तर एव्हाना म्हणाला असतात, मुद्द्यावर ये. येतो. आज सकाळी विहिरीकडं जाताना करवंदीच्या जाळीत काहीतरी खसफसलं आणि मी तिथंच थांबलो. कुत्रं निघालं. पण ते बाहेर येईपर्यंत मी मनात घोकत होतो, व्हॉट इज इट, हाऊ बिग, व्हेअर डिड इट गो. आवाज तुमचा होता. म्हणून कागद घेतला.

बारावीला इंग्रजीत माझी दांडी उडाली तेव्हा आप्पांनी मला तुमच्याकडं आणून घातलं. मळ्यातला झेंडू सकाळी सायकलवरून बाजारात टाकायचा आणि येताना गंगापूर रोडवर तुमच्या व्हरांड्यात तासभर बसायचं, असं ठरलं. पेपरातला रिपोर्टचा प्रश्न हातचा सोडू नकोस म्हणायचात, त्याला नुसते डोळे लागतात. पहिल्यांदा कांद्यावर लिहायला दिलंत. मी लिहिलं, ओनियन इज व्हेरी ब्यूटिफुल अँड मेक्स अस क्राय. तुम्ही व्हेरी खोडलंत, ब्यूटिफुल खोडलंत, मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलंत, "तू रडतोस हे कांद्याला माहीत आहे का?" शिल्लक राहिला नुसता कांदा. आधी वस्तू काय आहे ते सांगायचं, मग ती कुठं असते, कशी दिसते, काय करते. तुला काय वाटलं ते कुणी विचारलेलं नाही. मला हे फार कोरडं वाटायचं. काय वाटलं एवढंच तर माझ्याकडं होतं, बाकी कशाची माहिती होती मला?

आणि मग ती सकाळ. नदीकडच्या द्राक्षबागेला लागून बोळ आहे, तिथून मी सायकल मारत येतोय. बागेच्या भिंतीवर कुणीतरी बसलंय. मान वळवतं. माझ्याकडं बघतं. पुढचं मला आठवतं ते तुमच्या फाटकापासून. सायकल आडवी, उरलेला झेंडू रस्त्यावर, आणि मी ओरडतोय की नाही ते मलाच कळत नाहीये. कॉलनीत चार दिवस वाघाचीच बोलणी चालली होती. दूधवाल्याला एक दिसला होता, इस्त्रीवाल्याला दोन. वनखात्याला फोन गेले तर तिथला नवा साहेब, बाहेरच्या राज्यातला, म्हणाला, दर फोनला वाघ वाढतोय, कुणीतरी पाहिलेलं नीट लिहून द्या, मग पिंजरा लावू. माझं ऐकून माणसं काठ्या, ताटं, पराती घेऊन नदीकडं धावली. वाघ नदीकडंच जाणार, असं सगळ्यांचं एकमत होतं. तुम्ही मला पाणी दिलंत आणि पुढ्यात कागद ठेवलात.

"लिही."

"बाई, वाघ होता."

"पट्टे होते?"

मी आठवलं. ठिपके होते. तुम्ही म्हणालात, मग बिबट्या लिही. केवढा, विचारलंत. म्हशीएवढा, मी म्हणालो. तुम्ही हसला नाहीत. "ती भिंत वीतभर रुंद आहे. तिच्यावर म्हैस कशी बसली?" माझे दात वाजत होते. तरी तुम्ही एकेक विचारत राहिलात, शेपूट कुठल्या बाजूला लोंबत होतं, ऊन त्याच्या तोंडावर होतं का पाठीवर, आणि मग विचारलंत, कुठं गेला.

"नदीकडं."

"जाताना पाहिलंस?"

नाही पाहिलं. सगळे म्हणत होते म्हणून मीही म्हणालो. डोळे मिट म्हणालात, तर मिटल्यावर आवाज आला. पत्र्याचा. त्यानं बागेत उडी मारली तेव्हा ड्रम पडला होता, औषध फवारणीचा निळा ड्रम. तो रोज बघायचो मी, पंपरूमच्या दाराशी असायचा. आणि त्या पंपरूमच्या समोर झोपडीत सुरगाण्याकडचं जोडपं राहत होतं, त्यांची चारेक वर्षांची पोर दिवसभर त्या ड्रमभोवती खेळायची. हे मी तुम्हाला सांगितलं आणि सांगता सांगता मलाच कळलं. तोवर मी फक्त माझ्यासाठी भ्यालो होतो.

माणसं सगळी नदीवर. तुम्ही चपला घातल्यात, मला म्हणालात, इथंच थांब. मी थांबलो नाही, पण तुमच्या पुढंही गेलो नाही. बागेत पोरीची आई दगडावर कपडे घासत होती. पोर आडव्या ड्रमवर बसलेली, पंपरूमकडं पाठ करून. दार अर्धं उघडं, आत काळोख. नवरा नदीवर वाघ बघायला गेला म्हणून ती सांगू लागली, वर हसून म्हणाली, "आनि ही पोर म्हनते, आई, आत मोठा मांजर शिरला."

तुम्ही वर्गात हाक मारायचात तशी पोरीला हाक मारलीत. माझ्या डाव्या मुठीत चुरगळलेला एक झेंडू राहिला होता, तो घेऊन तिला दाखवलात. ती रमतगमत आली. वाटेत खडा उचलायला वाकली. ती वाकलेली मला अजून दिसते. आईनं तिला उचललं, मग तुम्ही एकट्या पुढं गेलात, दार हळूच लोटलंत, कडी घातलीत. आतून करवत चालवल्यासारखा आवाज आला आणि दाराचा पत्रा थडथडला.

उरलेला रिपोर्ट आपण झोपडीच्या ओट्यावर लिहिला. पाच-सहा ओळी. अ लेपर्ड इज इन द पंपरूम. द डोअर इज क्लोज्ड फ्रॉम आउटसाइड. मी तो सायकलवरून साहेबाला नेऊन दिला. त्यानं एकदा वाचला, मला काही विचारलं नाही, गाडी काढायला सांगितली.

रिपोर्ट द्यायला निघालो त्याआधी तुम्ही विचारलंत, अजून काही पाहिलंस का, राहिलं असेल तर घाल. मी नाही म्हणालो. बाई, पाहिलं होतं. कडी घातल्यावर तुम्हाला दारापासून वळता येत नव्हतं. तुमचा हात कडीवरच राहिला होता आणि ती कडी वाजत होती, आतल्या धडकेनं नाही, बिबट्या थांबल्यावरसुद्धा. मग तुम्ही ओट्यावर बसलात, पदर तोंडाशी धरलात. मी ड्रमकडं बघत राहिलो.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेव्हा मी कुठल्या तरी स्टँडवर होतो. त्या व्हरांड्यात आता दुसरी माणसं राहतात, हा कागद पाठवायला पत्ता नाही. इथं पडवीत संध्याकाळी लोक बसले की मी बिबट्याची गोष्ट सांगतो. म्हशीएवढा म्हणालो होतो ते सांगतो, दात वाजत होते तेही, सगळे हसतात. तुमचं सांगताना मात्र दरवेळी म्हणतो, आमच्या बाई अजिबात भ्यायल्या नाहीत. उद्याही कुणी विचारलं तर तेच सांगेन.