हृदयाचा तास

१४ नोव्हेंबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझा नवा पत्ता मामांकडून मिळाला. त्यांनी तो सहज दिला नाही, दोनदा मागावा लागला. शिलाई मशीन नीट पोचलं म्हणे. बरं झालं.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला यंदा बेचाळीस मुली आहेत, शरीररचना आणि शरीरक्रिया दोन्ही विषय माझ्याच गळ्यात. वर्गातला तो प्लॅस्टिकचा धडवाला बाबा आठवतो ना, आई ज्याला ‘तुझा नवरा’ म्हणायची? त्याचं यकृत आता बसतच नाही. खाली पडून कडा मोडली. मुली कागदाची घडी खोचून बसवतात, मी शिकवायला सुरुवात केली की ते टपकन बाहेर येतं आणि सगळा वर्ग खिदळतो.

एवढं लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. यकृताबद्दल कळवायला मी मामांच्या विनवण्या केल्या नव्हत्या.

गेल्या बुधवारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटायला आली. गेल्या वर्षी पहिल्या बाकावर बसायची, सारखे प्रश्न विचारायची, म्हणून मुलींनी तिचं नाव ‘शंका’ ठेवलंय. आता तिची वॉर्डात ड्युटी असते. म्हणाली, “मॅडम, तुमच्यामुळे एक बाई वाचल्या.” त्या बाई पायाला प्लास्टर घालून झोपल्या होत्या. सकाळपासून जबडा दुखतोय म्हणत होत्या, अंगाला घाम, मळमळ. सगळे म्हणाले, दात असेल. ही धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. हार्ट अटॅकच होता. “तुम्ही शिकवलेलं शब्दन् शब्द आठवलं,” म्हणाली आणि वाकून नमस्कारच करायला लागली. मी तिचे खांदे धरले. तिला वाटलं, मॅडमना भरून आलं.

तो शब्दन् शब्द मी कुठल्या दिवशी शिकवला, ते तुला सांगायचंय.

मार्चमधला तो मंगळवार. हृदयाचा तास. माझा सगळ्यात आवडता, तुला माहीत आहे. लाल-निळ्या खडूने एका दमात हृदय काढते आणि मग मुलींना सांगते: हा स्नायू दिवसभर रक्ताने भरलेला असतो, पण त्यातला थेंब त्याला स्वतःला घेता येत नाही. त्याचं पोट भरतं ते बाहेरून वेढलेल्या बारीक धमन्यांवर. एक तुंबली की तेवढा भाग उपाशी मरायला लागतो. एवढं सांगून झालं आणि तुझा फोन आला. मी व्हरांड्यात आले.

तू म्हणालीस, “ताई, आईचा जबडा दुखतोय. घामाने नुसती डबडबलीय. पोटात वर आग होतेय म्हणते. गाडी बोलावू का?”

मी विचारलं, “काल काय खाल्लं?”

“थोडं तळलेलं खाल्लं, पण…”

“मग पित्त आहे. गोळी दे आणि पडून राहू दे.”

“ताई, चेहरा पांढराफटक पडलाय गं तिचा.”

आणि मी म्हणाले, “आता तू शिकवणार मला? ऊठसूट दवाखाना काढतेस. तास चालू आहे माझा.”

फोन मीच ठेवला. तू नाही.

वर्गात आले तर शंका हात वर करून उभी. “मॅडम, छातीत दुखलंच नाही तर कसं ओळखायचं?” मी उत्तर दिलं. फार छान दिलं, बारके. म्हटलं, बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांत, साखरेच्या रोग्यांत पुष्कळदा असंच होतं. हृदयाकडून आणि जबड्याकडून येणाऱ्या संदेशांची मेंदू गल्लत करतो, दुखतं एकीकडे आणि कळ येते भलतीकडे. जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग. घाम. मळमळ. अशा वेळी पित्त म्हणून गप्प बसू नका, प्रत्येक मिनिटाला स्नायू मरतोय.

बोलता बोलता मला कळलं. तासानंतर नाही, घरी आल्यावर नाही. ‘जबडा’ म्हणताना कळलं. मी घड्याळाकडे बघितलं. तास संपायला सतरा मिनिटं होती.

ती सतरा मिनिटं मी शिकवलं.

का, ते मी आठ महिने स्वतःलाही सांगितलं नाही. तुला फोन करून ‘गाडी बोलाव’ म्हणायचं म्हणजे तू बरोबर होतीस असं म्हणायचं. दहावी नापास झालेली तू, बायकांचे ब्लाउज शिवणारी तू. आई माझं मोठं घर सोडून तुझ्या दोन खोल्यांत राहायला गेली, तेव्हापासून ते माझ्या घशात अडकलं होतं. ती मामींना म्हणाली होती, “मोठीकडे खोकायचीसुद्धा भीती वाटते, लगेच तोंडी परीक्षा घेते.” मामींनी ते हसत हसत मला सांगितलं. मी पण हसले.

तास संपल्यावर फोन लावला, तू उचलला नाहीस. नंतर शेजारीण म्हणाली, तू गोळी दिलीस, उशाशी बसून राहिलीस आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होतीस, “ताई म्हणाली पित्त आहे, उतरेल.” माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला कुणी सांगितलं होतं तुला? माझा फोन उचलला नाहीस तेव्हा तू आईला जिन्यावरून खाली नेत होतीस.

आई गेल्यावर चौथ्या दिवशी सगळे नातेवाईक जमले होते. मामांनी विचारलं, “शिकलेली मुलगी असताना असं कसं झालं?” खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, “घरात ही होती. मला वेळेवर कळवलं असतं तर आई आज असती.”

तू खाली बसून आईच्या साड्यांच्या घड्या घालत होतीस. मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मी वाट पाहिली. म्हटलं, आता फोन काढेल, मला केलेला कॉल सगळ्यांना दाखवेल. तू परत खाली बघितलंस आणि पुढची साडी घेतलीस. त्यानंतर मामींनी तुला काय काय ऐकवलं ते मी ऐकलं. पाणी पीत उभी होते.

खरं सांगू, मला तुझाच राग आला. आठ महिने तोच धरून बसले. भांडली असतीस तर मी खोटं रेटलं असतं, तू गप्प बसून मला कुठेच जागा ठेवली नाहीस.

रविवारी मामांकडे गेले आणि मामींसमोर सगळं सांगितलं. फोन, पित्त, सतरा मिनिटं. मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “झालं ते झालं. तू तरी काय करणार, कामात होतीस. शिकलेल्या माणसाकडूनही चूक होते.” मामी माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.

बघितलंस? तुला त्यांनी अर्ध्या तासात उंबऱ्याबाहेर काढलं आणि मला चहा. मी म्हटलं, “चहा नको. तिला फोन करा आणि जे बोललात ते मागे घ्या.” मामी म्हणाल्या, “आता कशाला जुनं उकरायचं?” तो फोन त्यांनी केला नसणार, हे मला माहीत आहे. म्हणून आजच सगळ्यांना एकेक पत्र लिहिलंय, काकूंना, आत्याला, मावशीला. त्यांत हेच आहे, फक्त थोडक्यात.

या वर्षीचा हृदयाचा तास लवकर आलाय, परवाच आहे. तो मी घेणार आहे. शिकवलं नाही तर कुणाची तरी आई मरेल, आणि शिकवलं तर मला ऐकावं लागेल.

माफी मागत नाही. ती दिलीस तर घेऊन ठेवू कुठे, कळत नाही. आईची जाड शाल तुझ्याकडे आहे, ती तुझीच. मी ती मागितली होती, ते विसरून जा.

तू जिला वेळेवर फोन केला होतास, ती
ताई