अंतरपाटावरची पालवी

सातपूर, नाशिक
६ ऑगस्ट २०२४

ती. साधनाआत्यास,
सा. न. वि. वि.

महेशदादा निफाडहून भाजीची गाडी घेऊन इथल्या मार्केटला आलाय, परत जाताना त्याच्या हाती ही पिशवी देते आहे. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन वाजला की तो स्पीकरवर लागतो, घरातले सगळे भोवती बसतात आणि तू मनातलं काही बोलत नाहीस. त्यापेक्षा पत्र बरं.

पिशवी सावकाश उघड. आतली पानं चिकट आहेत. भाग्यश्रीच्या लग्नातल्या अंतरपाटावर लावायला आंब्याची पानं करून दे असं तू म्हणालीस, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. आता कपाळाला हात लावून बसले आहे. मातीचं पान मी स्वतः घडवलं, त्यावर सिलिकॉन ओतून साचे केले. साचे इतके छान निघाले की पानाची शीर न् शीर उमटली. पण रेझिन घट्ट होईल तर शपथ. दोन बाटल्यांतली द्रव्यं काट्यावर मोजायची, हळूहळू घोटायची, रंग घालून साच्यात ओतायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची, काम एवढंच. या दमट हवेत मात्र दुसरा दिवस काय, आठवडा गेला तरी बोट लावलं की ठसा उठतो. एक घाणा दुधासारखा पांढुरका झाला. एकात एवढे बुडबुडे की सोड्याची बाटली बरी.

अश्विनची रात्रपाळी चालू आहे. दिवसा झोपायचं तर घरभर हा वास. काल उशीवरून डोकं उचलून म्हणाला की कंपनीत आमच्या हातून असा माल निघाला तर गेटबाहेर काढतील. मी त्याला पांघरूण घेऊन गप पडायला सांगितलं. तेव्हापासून गॅलरीत बसते. तिथे वास नाही, पण उडणारं प्रत्येक चिलट माझ्याच पानात येऊन बसतं.

एक विचारते, रागावू नकोस. तू स्वतःच का भरत नाहीस? मला पहिला टाका तू शिकवलास. शिवणवर्गातल्या बायका अजून तुझ्या भरतकामाचं नाव काढतात. तुझ्या हातची रेशमी पानं असताना माझी ही चिकट पानं कशाला?

मामांना नमस्कार. भाग्यश्रीला म्हणावं, ज्ञानेशशी फोनवर कमी बोल, लग्नानंतर विषय उरायला हवेत. माझ्यावरची माया चिकट पानांमुळे कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
हर्षाली

*

निफाड
२३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. हर्षालीस,
अ. उ. आ.

पिशवी पोचली. तुझं पत्र वाचता वाचता माझी दुपार गेली. किती बारीक लिहितेस. मुंग्या कागदावरून चालल्यासारखं. पुढच्या वेळी मोठ्या अक्षरात लिही, कागद मी पाठवीन.

पानं पाहिली. चिकटपणाचं सोड, तो पाऊस सरला की जाईल. पण भोकं बुजलेली आहेत. सुई आत जात नाही. जोर लावला तर मोडते. कडा इतक्या धारदार की बोटातून रक्त आलं, आणि त्याचा डाग पांढऱ्या कापडावर पडला तो वेगळाच. तुझे मामा म्हणाले, हा अंतरपाट आहे की झुंबर. मी म्हटलं, प्लॅस्टिक आहे, पोरीच्या हौसेखातर लावायचं झालं. शिवणवर्गात बिघडलेलं काम मी मुलींकडून उसवून घ्यायचे, आठवतंय ना? मग हे सगळं उसवलं असं समज आणि पुन्हा कर.

मी का भरत नाही म्हणून विचारतेस. घरात लग्न आहे. याद्या, मानपान, बस्ता, वणीकडच्या पाहुण्यांचं येणं-जाणं. वेळ कुठे आहे? माझी नक्षी मात्र तशीच ठेवायची. वरच्या अंगाला कोवळी पालवी, तांबूस. खालच्या अंगाला जून पानं, गर्द हिरवी. झाडावर असतात तशी. त्यात बदल नको.

ओळी वरखाली गेल्या असतील तर टेकायला घेतलेला पाट हलतोय असं समज. अश्विनरावांना आशीर्वाद. त्यांना झोपू देत जा. आठवण ठेवतेस तशी ठेव.

तुझी आत्या,
साधना

*

सातपूर
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बघ, मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

अखेर जमलं. जुन्या लोखंडी कपाटात दिवा लावून ठेवला आणि साचे त्यात ठेवले. आतली हवा कोरडी राहते, पानं दुसऱ्या दिवशी दगडासारखी घट्ट. भोकांसाठी साच्यातच टाचण्या उभ्या केल्या, म्हणजे पान भोकासकट निघतं. कडा पाण्याखाली पॉलिश पेपरने घासल्या. हातमोजे घालूनही मनगटावर पुरळ आलंय, आणि घासकामाच्या पांढुरक्या पाण्याचा डबा अश्विनने ताक समजून उचलला होता. थोडक्यात वाचला. तेव्हापासून स्वयंपाकघरात माझं काही ठेवायला बंदी आहे.

साचे एकाच मातीच्या पानावरून काढल्यामुळे सगळी पानं एका मापाची आहेत. तांबूस आणि हिरवी मी एकाच पिशवीत भरली आहेत, तू निवडून घेशीलच. एवढं करूनही तुला ती प्लॅस्टिकच वाटली तर मी हा धंदा सोडून शेवयांचं यंत्र घेईन.

सगळ्यांना नमस्कार. तुझा एखादा चांगला शब्द आला तर पुरळ लवकर बरं होईल.

तुझी,
हर्षाली

*

सातपूर
८ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
नमस्कार.

काल महेशदादाने कापड आणून दिलं. सोबत दोन ओळींची चिठ्ठीही नाही. तोंडी निरोप फक्त, की पानांच्या वजनाने कापड ओघळतं ते हर्षालीला दाखव.

ओघळतं ते मी पाहिलं. पण त्याआधी जे दिसलं ते तुला काय सांगू? पालवीच्या ओळीत हिरवी पानं, जून पानांत तांबूस. नक्षी तुझी, बदल नको म्हणून बजावलंस तूच, आणि शिवलंस असं की हाताला येईल ते पान उचलून टाचलंय. अश्विनने कापड उलगडून विचारलं की हे मुद्दाम आहे का. त्याच्यासमोर तुझी बाजू घ्यायची माझी नेहमीची सवय, काल ती जमली नाही.

माझं काम तुला आवडत नाही हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. मग सरळ नको म्हणायचं. श्रावणापासून मी त्या गॅलरीत बसून आहे. असं चिडून, कसंतरी शिवून पाठवण्यापेक्षा पानं परत पाठवली असतीस तर कमी लागलं असतं. शिवणवर्गात एखादीने असं काम आणलं असतं तर तू तिला दारात उभं केलं नसतंस.

कापड परत पाठवते आहे. पानं काढून घे आणि साधा पांढरा अंतरपाट धरा. नाहीतर मी इथे कुणाकडून तरी शिवून घेते. तू शिवू नकोस.

हर्षाली

*

निफाड
१५ ऑक्टोबर २०२४

ती. हर्षालीताईस,
सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा आईने ते माझ्या हातात दिलं आणि चष्मा सापडत नाही, तू वाच, असं म्हणाली. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. मी वाचायला लागले. शिवणवर्गाची ओळ आली तिथे अडखळले, तर म्हणाली, वाच पुढे, शब्द गाळू नकोस. वाचून झाल्यावर तिने कापड मांडीवर घेतलं. एका पानावर बोट ठेवून मला विचारलं की हे कोणतं. मी म्हटलं हिरवं. दुसऱ्यावर ठेवलं. मी म्हटलं तेही हिरवंच. तेव्हा ती एवढंच म्हणाली की मला तर ते तांबूस वाटलं होतं, आणि पप्पांना सांगू नकोस.

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिला नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली, ती परत येणार नाही. डाव्याचीही कडेकडेची गेली आहे आणि त्यात मोतीबिंदूमुळे धूसर दिसतं, म्हणून गडद रंग तिला सारखेच दिसतात. मोतीबिंदू पुढे काढता येईल. उरलेली नजर टिकवायची तर रोज थेंब घालायचे, आयुष्यभर. आधी का नाही आणलं म्हणून डॉक्टर पप्पांवर चिडले. पप्पा खाली मान घालून ऐकत होते. त्यांना तरी काय माहीत? चहा कपाबाहेर ओतला जायचा, तिची पायरी चुकायची, आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

घरी येताना गाडीत मी तिच्याशी भांडले. तिला ठाऊक होतं, ताई. उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. लग्न पुढे जाईल, लोक मला कोपऱ्यात बसवतील, एकदाचं तुझं लग्न झालं की बघू, असं म्हणाली. माझ्या लग्नासाठी डोळा घालवला, हे ओझं मी कुठे ठेवू? तिच्यावर ओरडले आणि मग रडले, तर मलाच म्हणते की पदर नीट घे, गाडीचं दार उघडं दिसतंय. दार बंद होतं.

नाशिकपर्यंत येऊन तुझ्याकडे आलो नाही. आईच नको म्हणाली. आता ती एकेक पान चाचपून उसवते आहे. कुणाला हात लावू देत नाही.

तू रागावू नकोस. किंवा रागाव, पण ये.

तुझी,
भाग्यश्री

*

सातपूर
२१ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

भाग्यश्रीने कळवलं. तिला बोलू नकोस.

मागचं पत्र चुलीत घाल. त्याबद्दल समोर येऊन बोलेन, कागदावर मला नीट लिहिता येत नाही. तुझ्यावरचा राग मात्र गेलेला नाही, फक्त त्याचं कारण बदललंय. मला तरी सांगायचं होतंस. पत्रं आपण त्यासाठीच तर लिहितो ना?

नवी पानं पाठवते आहे. निम्म्या जाडीची केली, म्हणजे कापड ओघळणार नाही. पातळ पान साच्यातून काढताना मोडतं. पहिला घाणा सगळाच्या सगळा मोडला, दुसऱ्याची टोकं गेली, साचाही फाटला. नवा साचा केला आणि मग मला सुचलं. हिरव्या पानांना देठापाशी एक खाच ठेवली आहे. बोट फिरवलं की लागेल. तांबूस पान गुळगुळीत आहे. वरून पाहणाऱ्याला काही कळणार नाही.

शिवायचं असेल तर तूच शीव. मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. दिवाळीत येते आहे.

तुझी,
हर्षाली

*

निफाड
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. हर्षालीस,
अ. उ. आ.

दिवाळीत घर माणसांनी भरलेलं होतं. तू रडलीस, मी रडले, बोलणं काहीच झालं नाही. म्हणून लिहिते. ओळी वाकड्या जातील, आता पाटाचं नाव सांगायची गरज नाही.

तुझी खाच मला आवडली नव्हती. पिशवी आली त्या दिवशी पान चाचपलं आणि कोपऱ्यात फेकून दिलं. आंधळ्या बाईची सोय केल्यासारखं वाटलं. मग तुझे मामा मदतीला बसले. मी पान उचललं की ते रंग सांगायचे. हिरवं. हिरवं. लाल. मी म्हणायचे लाल नाही, तांबूस. ते म्हणायचे लालच आहे. तासाभरात डोकं उठलं. त्यांना मळ्यात पाठवून दिलं आणि तुझ्या खाचेवर बोट ठेवून शिवायला बसले. त्या दिवशी वरची ओळ पुरी झाली.

तुला का सांगितलं नाही ते सांगते. उन्हाळ्यात रुमालावर एक फूल भरत होते. पूर्ण केलं आणि भाग्यश्रीला दाखवलं. ती म्हणाली, आई, हे देठाला सोडून बाजूलाच भरलंस. मी म्हटलं, नवीन फॅशन आहे. त्यानंतर रेशमाचा डबा उघडला नाही. भरायला येईना म्हणून तुझ्याकडे पानं मागितली आणि मागावी लागली म्हणून त्यांना प्लॅस्टिक म्हटलं.

थेंब डोळ्यांत झोंबतात. लोक हळू आवाजात बोलतात, जणू मला ऐकूही कमी येतं. सुईत दोरा भाग्यश्री ओवते. ती गेल्यावर कोण ओवणार, असं मनात येतं आणि मी तिच्यावरच खेकसते. ती बिचारी गप दुसरी सुई ओवून ठेवते.

शेवटची ओळ राहिली आहे. थोडी हिरवी पानं कमी पडतील, ती पाठव. अश्विनरावांना डब्यापासून जपायला सांग.

तुझी आत्या,
साधना

*

निफाड
२३ डिसेंबर २०२४

चि. सौ. हर्षालीस,
अ. उ. आ.

लग्नात तू वाढपाकडे आणि मी मानपानाकडे. जेवलीस की नाही हेसुद्धा मी विचारलं नाही.

घर रिकामं वाटतं. दाराची चौकट रोज उजव्या खांद्याला लागते. ती कुठे आहे हे ठाऊक असूनही लागते, म्हणून जास्त चिडते. सुईत दोरा आता तुझे मामा ओवतात. जीभ बाहेर काढून बसतात आणि ओवला की सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्याने सांगतात. वणीच्या एका विहीणबाईंनी अंतरपाट कुठल्या दुकानातून घेतला म्हणून विचारलं. भाचीने आणि मी केला, असं सांगितल्यावर त्यांच्या मुलीसाठीही मागितला. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझ्या मनगटाचं पुरळ जाऊ दे, मग दोघी ठरवू.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईने समोर थांबू नये अशी आमच्याकडची रीत. थोरल्या जाऊबाई, सिंधुबाई, मला आत न्यायला आल्या. मी त्यांना म्हटलं की पुढच्या वर्षी मला किती दिसेल कुणास ठाऊक, मी जाणार नाही. त्या मग माझ्याच शेजारी उभ्या राहिल्या.

धरणाऱ्यांचे हात हलले की पानं एकमेकांवर वाजत होती. मला पालवी आणि जून पानं वेगळी दिसत नव्हती, पण कोणतं कुठे आहे ते मला माहीत होतं. मग अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. मला भाग्यश्री दिसली. एकटीच दिसली, हार हातात घेऊन कुणाकडे तरी बघणारी. मग मान उजवीकडे वळवली. ज्ञानेश तिथेच होता, हार घालून घ्यायला वाकलेला.

असंच बघायचं आहे आता, मान वळवून. सवय करते आहे. संक्रांतीला ये, आणि येशील तेव्हा माझ्या डाव्या बाजूला बस.

तुझी आत्या,
साधना