कोंडवाड्यातल्या होड्या

१२ जानेवारी

किल्ली मिळाली! साहेबांनी खणातून काढून टेबलावर सरकवली. म्हणाले, "घ्या. त्या कोंडवाड्यात पालींशिवाय काही निघालं तर मलाही बोलवा."

आमच्या गावात पाहण्यासारखं काय? दीपगृह, बुरुजावरची तोफ, घड्याळाचा मनोरा आणि गव्हर्नरचा बंगला. पाहुणे सकाळच्या बोटीने येतात, उन्हात घामाघूम होतात, तोफेवर बसून फोटो काढतात आणि दुपारच्या बोटीने परत. धक्क्याच्या टोकाला ती लांबुळकी दगडी शेड आहे, तिकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. साथीच्या दिवसांत गलबतांवरून उतरलेल्या खलाशांना, मजुरांना तिथे कोंडून ठेवायचे. ताप उतरला तर गावात. नाही उतरला तर मागच्या वाळूत. म्हणून कोंडवाडा.

आता तो पाडून गाड्या लावायला जागा करायची म्हणतात. मी म्हटलं, आधी आत बघू तर द्या! पर्यटन कचेरीत लागून अजून वर्ष झालं नाही आणि साहेबांसमोर एवढं बोलले. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

१३ जानेवारी

होड्या आहेत. भिंतीवर. चुन्याच्या गिलाव्यात खिळ्याने नाहीतर चाकूने ओरखडून काढलेल्या होड्या!

नुसतं बघितलं तर दिसत नाहीत. कळकट, ओल आलेली, खरवडलेली भिंत वाटते. बॅटरी भिंतीला टेकवून तिरपी धरली आणि एकेक वर आली. शिडांची, वल्ह्यांची, एक आडवी कललेली. काही इतक्या खाली की काढणारा माणूस जमिनीवर पडूनच असणार. मीही पडून बघितलं. तोंडाशी एक लहानशी होडी, शीड अर्धंच काढलेलं.

गव्हर्नरच्या बंगल्यात त्याच्या जेवणाच्या ताटल्यासुद्धा काचेत ठेवल्यात. या माणसांचं एवढंच राहिलंय. पाहुण्यांना आम्ही देतो त्या नकाशात ही जागा यायलाच हवी. नाही आली तर माझी पदवी काय लोणचं घालायला आहे?

१९ जानेवारी

सगळ्या होड्यांचे फोटो काढून कचेरीत दिले आणि त्या मोठ्या पातळ कागदांवर उतरवूनही घेतल्या. आता घरी जमिनीवर पसरून शाईने गिरवते आहे. घरभर कागद. आई त्यांच्यामधून पाय उचलून उचलून चालते. आत्या म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर! एवढं शिकली आणि शेवटी गेली कुठे, तर कोंडवाड्यात."

बाबा हसता हसता पुन्हा कागदाकडे बघत राहिले. आयुष्य होड्या रंगवण्यात गेलंय त्यांचं. हंगामाआधी किनाऱ्यावर ओढलेली प्रत्येक होडी त्यांच्या हाताखालून जाते. काठाखालची ती दुहेरी रेघ कुणीही लांबून ओळखतं: वरची सरळ, खालची टोकाशी किंचित वर वळलेली. सही आहे ती त्यांची.

"कोंडलेल्या माणसाला होडी काढायचं का सुचलं असेल गं?" त्यांनी विचारलं.

"बोलायला कुणी नसेल, बाबा. किंवा जे बोलायचं ते बोलता येत नसेल."

"हं." मग कागदाचं गुंडाळलेलं टोक सपाट करत, "ती जागा दाखव की एकदा मला."

मी म्हटलं, आत्ता नाही. फलक लागू दे, उद्घाटन होऊ दे. मग तुम्ही, आई, आत्या, तिघांनी पाहुण्यांसारखं यायचं. मानाने. पहिल्या रांगेत.

"बरं," म्हणाले. "बोलावशील तेव्हा येईन."

२ फेब्रुवारी

समिती ठरवणार, कोंडवाडा नकाशात घ्यायचा की पाडायचा. तेराला येणार आहेत.

आज टोपीकाकांशी भांडले. आमच्यातले सगळ्यात जुने गाईड ते, टोपीशिवाय कुणी बघितलेलं नाही. ते पाहुण्यांना सांगत होते की या तोफेच्या एका गोळ्यात तीन गलबतं बुडाली. मी बाजूला घेऊन म्हटलं, काका, ही तोफ एकदाही उडालेली नाही, दप्तरात स्पष्ट आहे.

"अगं बाई, न उडालेल्या तोफेवर बसून फोटो कोण काढेल?"

"मग नका काढू देत. खोटं सांगून दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं."

टोपी सारखी करत म्हणाले, "तुझं वय आहे तसं बोलायचं." राग राग आला!

६ फेब्रुवारी

उद्यापासून राजधानीत प्रशिक्षण. समितीच्या आदल्या दिवसांतच! किल्ली बाबांकडे दिली. म्हटलं, मी नसताना झाडून पुसून घ्या तेवढं. जळमटं, कचरा, सगळं. बाहेरची माणसं येणार आहेत. लग्नघरासारखं दिसू दे.

बाबांनी किल्ली खिशात ठेवली आणि वरून दोनदा चाचपून बघितली. म्हणाले, "तू निर्धास्त जा."

११ फेब्रुवारी

धक्क्यावर बाबा न्यायला आले होते. नखांत निळा रंग. मला वाटलं, कुणाची तरी होडी.

"आधी तिकडे जाऊन ये," म्हणाले. स्वतः आले नाहीत. बाहेरच थांबले, लाजल्यासारखे.

भिंत निळी आहे. पूर्ण. या टोकापासून त्या टोकापर्यंत, छतापासून जमिनीपर्यंत. ऑइलपेंट. नुसता फासलेला नाही, बाबांनी कधी काही नुसतं फासलेलं नाही. आधी तारेच्या ब्रशने घासली. ओरखडे पुट्टीने भरले. काचकागद मारला. मग अस्तर, मग रंगाचे हात. भिंत आरशासारखी. मी बॅटरी तिरपी धरली. जमिनीवर पडून धरली. काही नाही. बोट फिरवलं. एक रेघसुद्धा लागत नाही.

बाहेर आले तर बाबा म्हणाले, "कुणी पोराटोरांनी खिळ्याने भिंतीचं पार वाटोळं करून ठेवलं होतं. अख्खा दिवस त्यातच गेला. आता तुझे होडीचे कागद लाव बघू. कसे उठून दिसतील निळ्यावर!"

त्यांना वाटलं, घरी पसरले होते तेच कागद लावायचे आहेत. होड्या म्हणजे तेच कागद; त्या भिंतीत ओरखडलेल्या आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. मी कधी दाखवायला आणलंच नव्हतं.

"कसं झालंय?"

"छान, बाबा."

१२ फेब्रुवारी

बाबांनी रंग कुठून आणला, आईकडून कळलं. त्यांनी स्वतःच्या होडीसाठी राखून ठेवलेला. आपली होडी आधी रंगवू, मग गिऱ्हाइकांच्या, असं दर वर्षी म्हणतात. या वर्षीही राहिली.

१३ फेब्रुवारी

समिती येऊन गेली.

अध्यक्ष फोटो हातात धरून भिंतीकडे बघत होते. "होड्या कुठे आहेत?"

खरं सांगायचं ठरवून गेले होते. सकाळी आंघोळीच्या वेळी वाक्यं पाठ केली होती. पण खरं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: कुणी रंगवली? मग चौकशी. ऐतिहासिक वास्तूची नासधूस. नखांत रंग असलेल्या माणसाला कचेरीत उभं करणार. आणि कोंडवाडाही पाडणार, कारण आता त्यात उरलंय काय?

मी म्हटलं, "रंगाखाली आहेत, सर. खाऱ्या हवेने गिलावा झडत होता. तज्ज्ञ येईपर्यंत संरक्षणासाठी झाकल्या आहेत."

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "दूरदृष्टी म्हणतात ती ही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कोंडवाडा नकाशात आला.

१४ फेब्रुवारी

टोपीकाका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ते काल शेडमध्ये होते. त्यांनीही भिंतीवर हात फिरवला होता.

मला वाटलं, आता टोमणा मारणार. मारायलाच हवा होता. ते हळू आवाजात म्हणाले, "पहिल्यांदा जिभेला कडू लागतं." आणि चहाचा कप ठेवून गेले.

टोमणा बरा होता.

२७ फेब्रुवारी

नकाशा छापून आला. क्रमांक पाच: कोंडवाडा. शेजारी निळा ठिपका. बाबांनी तो दाराच्या आत, माझ्या पदवीच्या चौकटीखाली लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आत्याला म्हणाले, "बघ, कोंडवाड्यातच गेली ना?" आत्याने नकाशावरची नसलेली धूळ पदराने पुसली.

सांगायला हवं. बाबांना एकट्यांना तरी. रोज ठरवते. रोज ते काहीतरी इतकं आनंदाने बोलतात की तोंड उघडत नाही.

४ मार्च

फलकावरचा मजकूर मीच लिहिला. "रंगाच्या थराखाली मूळ रेखाटने सुरक्षित आहेत." महाविद्यालयात शुद्धलेखनाला कायम शाबासकी मिळायची. यातही चूक नाही एकही.

९ मार्च

उद्घाटन उद्या. आईला म्हटलं, तुम्ही नंतर कधीतरी या, उद्या फार गर्दी असेल. आई म्हणाली, "पहिली रांग म्हणाली होतीस ना? तुझे बाबा कालच दाढी करून बसलेत." मग माझ्याकडे नीट बघत, "आमची लाज वाटते का गं?"

नाही, आई. नाही. पण नुसतं "काहीतरीच काय" एवढंच बोलले.

१० मार्च

आले. इस्त्री केलेला शर्ट, ओले विंचरलेले केस. पहिल्या रांगेत.

भाषणं झाली, फीत कापली. मग मी पाहुण्यांना आत घेतलं. भिंतीशेजारी फोटोंचा फलक आहे: तिरप्या उजेडातली भिंत, तिचे ओरखडे, आणि ओरखड्यांतून वर आलेल्या होड्या. कागदावरच्या नाहीत. भिंतीवरच्या. मी पाठ केलेलं बोलत होते आणि बघत होते फक्त बाबांकडे. ते फोटोंजवळ गेले. वाकले. ते सावकाश वाचतात, ओठ हलवत. एका फोटोवर फार वेळ थांबले. अर्ध्या शिडाची ती होडी, जमिनीलगतची.

मग वळून भिंतीकडे आले आणि बरोबर त्या जागेवर, खाली वाकून, तळवा ठेवला. सगळी भिंत त्यांच्या हाताखालून गेली होती. कुठे काय भरलं ते त्यांना आठवत होतं.

माझं वाक्य तुटलं. "आणि या होड्या... रंगाच्या थराखाली..." पुढचं येईना. सगळे बघायला लागले. साहेब खाकरले.

बाबा उठून उभे राहिले. चारचौघांत अनोळखी पाहुणा बोलतो तसे म्हणाले, "सांगा ना, मॅडम. थांबू नका."

मी सांगितलं. सगळं खोटं, शेवटच्या शब्दापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही.

११ मार्च

मी म्हटलं, "बाबा." ते म्हणाले, "जेवून घे आधी."

१२ मार्च

मी सगळं सांगितलं. माझीच चूक, मी आधी दाखवायला हवं होतं, लग्नघरासारखं मीच म्हणाले होते. ते ब्रश रॉकेलमध्ये बुडवून धूत राहिले. स्वच्छ झालेला ब्रशही धूत राहिले.

१५ मार्च

आई विचारते, तुमच्या दोघांत काय झालंय? बाबा कामावर जातात, येतात, जेवतात. आत्यासुद्धा बोलायची थांबली आहे.

दाराआतला नकाशा त्यांनी काढला नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला आता दाखवत नाहीत.

१८ मार्च

साहेबांना खरं सांगायचं ठरवलं आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. फलकावर लिहिलेलं ते वाक्य रोज मोठ्याने वाचून दाखवायचं मला जमणार नाही. बाबांचं नाव घेणार नाही. म्हणेन, मी सांगितलं म्हणून रंगवली. हे तर खरंच आहे.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "उद्या सकाळी कचेरीत जाण्याआधी," म्हणाले, "शेडची किल्ली दे जरा."

मी तेव्हाच दिली. कशाला ते विचारलं नाही.

१९ मार्च

कोंडवाड्यात गेले. बाबा येऊन गेले होते, किल्ली दारालाच. या वेळी बॅटरीची गरज लागली नाही. निळ्या रंगावर, अगदी खाली जमिनीलगत, खिळ्याने ओरखडलेली एक होडी. आतला चुना पांढरा दिसतो आहे. अर्धंच शीड. काठाखाली दुहेरी रेघ, खालची टोकाशी किंचित वर वळलेली.