कंदिलाच्या काचेसारखी लख्ख

आये, हे पत्र वाचणार कोण? मला सांगता येत नाही. तुला स्वतःच्या नावापुरतीच अक्षरं आली होती, तीही माझ्याच वर्गात.

मी नुकती पदवीधर झाले होते, घरातली पहिली. बोईसरच्या एका संस्थेचे साक्षरता वर्ग मी आपल्या चिंचणीत, आपल्याच ओसरीवर घ्यायचे. वर्गाचे फोटो काढायला संस्थेने कॅमेरा दिला होता. त्या दिवशी किनाऱ्यावर फोटो काढताना लेन्सवर खारं पाणी उडालं, पांढुरके डाग पडले. कॅमेरा खाटेवर ठेवून मी आंघोळीला गेले. बाहेर येते तर तू मागच्या दारी बसलेली, कॅमेरा मांडीवर, ओल्या फडक्यावर चिमूटभर बारीक रेती. रोज संध्याकाळी कंदिलाची काच घासायचीस तशीच घासते आहेस, गोल गोल, जपून.

"बघ बाय, कशी लख्ख केली! आता फोटू कसे साफ येतील."

"अडाणी ती अडाणीच!" मी ओरडले. वर्गाला आलेल्या बायका ओसरीवर होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मास्तरीण आयसला पण सोडत नाय गं!" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. "ओरडू दे. शिकेन तरी."

लेन्स किती खराब झाली ते संस्थेत दाखवायला हवं, म्हणून मी तुला दारात उभं केलं. तू पदर सारखा केलास, ओल्या हाताने केस चापून बसवलेस. तुला वाटलं, माझा राग गेला. फोटो धुऊन आला तो सगळा धुरकट, तुझ्या गालावर उजेड फुटलेला. संस्थेच्या मोठ्या बाईंच्या टेबलावर तो ठेवून मी म्हणाले, "आमच्या आईचं काम. शिकलेली नाही ना." त्यांनी फोटो उचलून बराच वेळ पाहिला आणि मला परत दिला.

घरी येऊन तेही मी तुला ऐकवलं. त्यानंतर तू वर्गाला बसली नाहीस. विचारलं की म्हणायचीस, "काम हाय." मी तिथे बायकांना मान कसा मिळवायचा ते शिकवत होते, आणि आत तू भांडी घासत होतीस. एकदाही हात धरून बाहेर आणलं नाही तुला.

तुझा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. तू गेल्यावर भाऊ म्हणाला, पालघरच्या स्टुडिओवाल्याकडून चेहरा साफ करून घेऊ. मी नको म्हटलं. आज सकाळी तो तसाच फ्रेम करून वर्गाच्या भिंतीवर लावला. बायकांनी विचारलं, "असा धुरकट का?" मी त्यांना रेतीचं सांगितलं. तो कशासाठी काढला होता, ते मात्र सांगितलं नाही.