पान दिल्यावरची हरकत

बाबा, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला क्षणभर थांबावं लागतं. चेहरा लगेच येतो. आवाज मागून येतो, आणि येतो तेव्हा नेमका तोच बोल घेऊन येतो, ज्यानं तुम्ही मला सगळ्यांसमोर गप्प केलंत. हा तुमच्यावर अन्याय आहे, कारण उभ्या जन्मात तुम्ही मला दोन-चारदाच रागावला असाल. नवरा गेला आणि मी परत आले, तेव्हा भावकीतल्या बायका माझ्यासाठी घरातला अंधारा कोपरा शोधत होत्या. तुम्ही मला आगगाडीत बसवून बडनेऱ्याला उतरवलंत, अमरावतीच्या शाळेत नेलंत, मोठ्या बाईंच्या पुढ्यात पानांची टोपली ठेवलीत आणि म्हणालात, "हिले मास्तरीन करा. पानं मी आनून देत जाईन." पटावर माझं नाव तुम्ही माहेरचंच घातलंत, आणि पुढं तेच राहिलं. बाई पान खात नव्हत्या. तुम्हांला ते कोणी सांगितलं नाही, मीही नाही. टोपल्या येत राहिल्या आणि आम्ही वसतिगृहातल्या पोरी तोंडं रंगवून अभ्यास करत राहिलो.

आपला पानमळा अकोल्याच्या बाहेर, काळी जमीन संपून मुरमाड माळ सुरू होतो तिथं होता. डोळे मिटले की मी अजून त्यात शिरते. आधी वहाणा बाहेर काढते, कारण पानमळ्यात पायात काही घालून जायचं नाही, हे मला बोलता येण्याआधी कळलेलं. आत शेवरीची आणि हादग्याची झाडं रांगेनं उभी आहेत, एकेकाच्या अंगावर वेल चढलाय. ही झाडं म्हणजे वेलाचा आधारही आणि सावलीही. ती गेली तर अकोल्याच्या उन्हात पानवेल आठवडाभर टिकायचा नाही. तुम्ही अंगठ्याला पत्र्याची नखी लावून पानं खुडताय. मी शिकून अकोल्याच्याच शाळेत लागलेली, शनिवारी शाळा सुटल्यावर शहरातून चालत आलेली असते. तुम्ही मागं न बघता म्हणताय, "आली का मास्तरीन? पानी पे पह्यले." तेव्हा मला वाटायचं, ही झाडं काय, आपण काय, कायमचेच आहोत.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ती वर्षं. शेजारच्या माळावर विमानं उतरायची जागा करणार, अशी आवई उठली, आणि शेजारचे काका म्हणाले, "बैलबंडी वेळेवर येत नाई आपली, अन् इमान येनार!" पण एक दिवस कचेरीच्या भिंतीवर छापील कागद लागला. शाळेतून येताना मी तो वाचला. नागपूरच्या सरकारनं नियमाचा मसुदा काढला होता. विमान उतरण्याच्या जागेभोवती अमुक अंतरात अमुक उंचीवरचं झाड, खांब, घर असता कामा नये. असेल ते मालकानं तोडावं, नाहीतर सरकार तोडील. खाली बारीक अक्षरात आणखी काही होतं. लोक बहुधा तिथवर वाचत नाहीत. मी मास्तरीण, म्हणून वाचलं. हा मसुदा आहे. ज्या कोणाची हरकत किंवा सूचना असेल, त्यानं ती मुदतीच्या आत लिहून पाठवावी. तिचा विचार करून मगच नियम कायम होईल.

आई गेल्यापासून चूल तुमच्याकडे होती. तुम्ही भाकरी थापताय आणि मी उंबऱ्यात बसून सांगतेय. झाडं तोडायची हे ऐकून तुमचा हात थांबला नाही. ते तुम्हांला अपेक्षितच होतं, सरकार काही द्यायला थोडंच येतं. खालचं सांगितलं तेव्हा मात्र हात थांबला.

"म्हंजे थे अजून झालं नाई?"

"नाई. पह्यले इचारून राह्यले."

"कोनाले?"

"कोनालेही. तसंच छापलं हाय."

"कोनालेही म्हंजे मलेबी?"

तव्यावरची भाकरी करपली आणि तुमचं लक्षच नव्हतं. मग तुम्ही हसलात. म्हणालात, "सरकारनं मले सारा मागतला. पटकी आली तवा घरात कोन मेलं थे इचारलं. तुले काय वाटते, असं कदी इचारलं नाई." त्या संध्याकाळी तुम्ही जेवलात कमी आणि बोललात फार. नुसती नाही म्हणून हरकत घेऊ नये, असं तुमचं मत पडलं; नाही म्हणायला काय, बैलही म्हणतो. त्यांना विमान सुखरूप उतरवायचं, आपल्याला वेल जगवायचा. "आमी तं दरसाल शेंडे छाटतोच. त्यायले पाह्यजे तितके छाटू. त्यायचा मानूस येऊन पाहून जाऊ दे. पन बुडातून नोका तोडू म्हना." मी ऐकत होते. वर्गात एखादं मूल पहिल्यांदा हात वर करतं, तसे दिसत होतात तुम्ही.

मग निरोप आला की मुदत संपण्याआधी एक साहेब स्वतः येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत. सगळ्यांचं बसणं आपल्याच मळ्याच्या कडेला, निंबाखाली ठरलं. त्या सकाळी मळेवाल्यांचा काय तो आवेश! काका तर म्हणाले, "त्याले असं सुनावतो का तो नागपूरचा रस्ता इसरला पाह्यजे." दुपारी साहेब आले. वाईट माणूस नव्हता हो तो. मळा पाहू का म्हणाला, आणि कोणी सांगण्याआधी दाराशी बसून त्यानं आपले बूट काढले, मोजे काढले, आणि उघड्या पायांनी आत गेला. तुमच्या तोंडाकडे मी पाहत होते. तिथंच तुमचा अर्धा जीव विरघळला.

बाहेर येऊन तो घाम पुसत बसला. गूळपाणी झालं. आणि जित्याची खोड म्हणतात तशी, तुमचा हात आपोआप तबकाकडे गेला. स्वतःच्या मळ्यात पाहुणा रिकाम्या तोंडानं बसलेला तुम्हांला कसा बघवणार? सगळ्यांत कोवळी पानं निवडून तुम्ही विडा केलात, त्याच्या हातात दिलात, आणि मग रीतीनं सगळ्यांना पान-सुपारी फिरवलीत. आपल्याकडे पान-सुपारी शेवटी फिरते. लग्नाची बोलणी असो की बांधाचं भांडण, पान फिरलं की विषय मिटला, आणि पान घेतल्यावर जो बोलतो त्याला कोणी चार माणसांत बसवत नाही. साहेबाला हे काय ठाऊक! त्यानं कागद काढला तोवर निम्मे लोक धोतर झटकून उठलेसुद्धा. तो गोंधळून म्हणाला, "मंडळी, बसा. अजून मी मसुदा वाचलेलाच नाही."

बसले पुन्हा. त्यानं नीट, सावकाश वाचला. मग म्हणाला, "आता ज्याला जे म्हणायचं असेल ते मोकळेपणानं सांगा." सगळ्यांची तोंडं हलत होती, शब्द एकाचाही नाही. त्यानं काकांकडे पाहिलं. काका खाली बघून म्हणाले, "पान खाल्लं साहेब. आता काय बोलाव?" त्याला तो विनोद वाटला. मग त्यानं तुम्हांला विचारलं. तुम्ही, ज्यांना जन्मात पहिल्यांदा कोणी विचारत होतं, हात जोडून म्हणालात, "काई नाई जी."

मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले की आमची सूचना आहे, झाडं तोडण्याऐवजी दरसाल छाटून ठेवण्याची मुभा द्यावी. तुमचेच शब्द, फक्त शाळेतल्या मराठीत. वाक्य पुरं व्हायच्या आत तुमचा आवाज आला. "बस खाली! पान देल्लं त्या मानसाले, अन् तू त्याच्या तोंडावर बोलून राह्यली? हेच शिकाले धाडलं तुले?" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी बसले. आयुष्यात इतकं एकटं मला त्याआधी वाटलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही; तेव्हा निदान तुम्ही माझ्या बाजूला होतात. साहेब जाताना माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "बाई, तोंडी काही आलं नाही असंच मला लिहावं लागेल. पण मुदत आहे अजून. लेखी पाठवा, ते कोणीही पाठवू शकतं."

मी अकोल्याच्या खोलीवर जाऊन लिहून पाठवलं, माझ्या सहीनं. पुढच्या शनिवारी तुम्हांला सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. नुसतं म्हणालात, "तू लिवलं थे ठीक हाय. पन मी काई नाई म्हनलो ना त्याच्यासमोर." मी किती समजावलं, नियम अजून झालेला नाही, निकाल येईस्तो थांबा. बाकीचे मळेवाले थांबलेच होते, सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणत. तुम्ही वेल उतरवले, गुंडाळून शेजाऱ्यांना लावायला वाटून टाकलेत, आणि कुऱ्हाड घेतलीत. मी त्यानंतरच्या शनिवारी आले तेव्हा वहाणा काढायला खाली वाकले आणि मग लक्षात आलं, आता काढायचं कारण नाही. आत ऊन पडलं होतं.

नियम कायम होऊन आला तो बऱ्याच उशिरानं. त्याच भिंतीवर. मी उन्हात उभी राहून वाचला, आणि 'तोडावी' या शब्दापुढं नवीन शब्द होते: किंवा ठरलेल्या उंचीखाली दरसाल छाटून ठेवावी. ते माझ्या लिहिण्यानं झालं की आणखी कोणी लिहिलं होतं, मला कधीच कळलं नाही. सरकार तसं कळवत नसतं. पण मी तशीच चालत आले. तुम्ही मळ्याच्या जागी वांगी लावली होतीत, दांडानं पाणी सोडत होतात. मी सांगितलं. शेजाऱ्यांच्या झाडांकडे तुम्ही बराच वेळ पाहिलंत. मग लहान मुलानं विचारावं तसं मला विचारलंत, "मंग माह्येच काहून तोडले म्या?"

तुम्ही फावड्यानं दांड फोडलात आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवलंत.

आता मी अमरावतीत असते, राजापेठेत, एका दुकानावरच्या खोलीत. खाली शिकवण्यांची पोरं दुचाक्या लावतात, गलका करतात. वर कोणी येत नाही. नोकरी संपली, बरोबरच्या बायका एकेक करून गेल्या. दिवसभरात भाजीवालीशी बोलते तेवढंच. तुमच्यावर माझी एक हरकत आहे बाबा, ती मी कुठंच नोंदवली नाही. त्या साहेबाला तुम्ही शब्द दिला नव्हता, नुसतं पान दिलं होतं. परतताना मूर्तिजापूर स्टेशन यायच्या आधी तो तुम्हांला विसरला असेल. मी तिथंच उभी होते, तुमचंच म्हणणं मांडत होते, आणि तुम्हांला पाहुणा दिसला, मी दिसले नाही. मला फार लागलं ते. अजून लागतं. आणि तरी तुम्ही दिलेलं पान विसरून भांडायला उठला असतात, तर तेही मला बघवलं नसतं.

हे पाठवायचं कुठं? घडी करून ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलं. पेपरात आतल्या पानावर जाहीर सूचना येतात, रस्ता रुंद करायच्या, बसचं भाडं वाढवायच्या, विमानतळाजवळ किती उंच बांधावं याच्या, आणि खाली लिहिलेलं असतं की हरकती आणि सूचना पाठवाव्यात. मी प्रत्येकीला उत्तर लिहिते. लोकांना वाटतं बाई मोठी जागरूक. खरं म्हणजे मला त्या रस्त्यांचं नि विमानांचं काही पडलेलं नाही. लिहिलं की काही दिवसांनी पोच येते. छापील असते, सहीचा शिक्का असतो. पण वरती माझं नाव कोणीतरी हातानं लिहिलेलं असतं, पूर्ण, मधे तुमचं.