तीस टक्क्यांची रेघ

३ मार्च, सोमवार

चोवीस काचा आल्या. नावं नाहीत, नुसते नंबर. स्तनातल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, त्यात लहान, गोल, निळ्या पेशी किती शिरल्यात त्याचा टक्का लिहायचा. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. नवं औषध त्यांचे बांधलेले हात मोकळे करतं. पण पहारेकरीच नसतील तर मोकळे कुणाला करणार? म्हणून या औषधाच्या चाचणीत तीस टक्के किंवा वर असेल तिलाच घेतात.

ताईचा फोन — "माझा तुकडा तुमच्याकडेच आलाय गं." घरचं माणूस असेल तर त्या खेपेच्या काचा आपण मोजायच्या नाहीत, असा नियम. मी कुणाला कळू दिलं नाही.

५ मार्च

ताईची काच कुठली, कळायला मार्ग नाही. म्हणून जिथे सव्वीस-सत्तावीस वाटले तिथे पस्तीस लिहिले. सरसकट! कुणावर अन्याय नाही, अशी मनाची समजूत घातली.

६ मार्च

एकोणीस नंबरची काच बघताना स्वतःचीच लाज वाटली. निदान इथे तरी कडक राहू म्हणून हात आखडता घेतला — बत्तीस दिसत होते, पंचवीस लिहिले. जरा बरं वाटलं.

७ मार्च

दुसरा मोजणारा, आमचा चष्मिस, दोघांच्या याद्या ताडून बघत बसला होता. "या खेपेला हात फारच सैल सुटलाय तुझा!" मी हसण्यावारी नेलं. "हसतेस काय? उगाच औषध दिलं तर गुण शून्य, वर फुफ्फुसं सुजतील." मीच शिकवलंय त्याला हे.

दोघांची सरासरी धरतात. एकोणीस नंबरला त्याचे तेहेतीस, माझे पंचवीस. एकोणतीस! एकाने हुकली. असो.

९ मार्च, रविवार

ताईकडे. उशी पाठीशी घेऊन बसली होती. "लागू पडणार नसेल तर मला नकोच ते. तुमचे लोक खरं मोजतात ना?"

हो म्हणाले. चहा अर्धा टाकून निघाले.

१० मार्च

विभाग सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सोळा वर्षं झाली तुला इथे." काचांच्या कपाटाची माझ्याकडची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून आले. चोवीसही काचा आता त्या स्वतः मोजणार.

ताई बाद होईल, याची भीती वाटते. फार वाटते.

१४ मार्च, शुक्रवार

ताईला चाचणीत घेतलं. फोनवर कागद वाचून दाखवत होती — तारीख, वजन, टक्के तेहेतीस, काच नंबर एकोणीस.